धागा बंद करण्यापूर्वी : एका वापरकर्ता-समुदायाची फेरमांडणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण ध्वनिसंपादनाच्या एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांचं आहे. सॉफ्टवेअर फुकट, ते बनवणारे बहुतेक स्वयंसेवक, आणि मदतीसाठी नेमलेला माणूस कुणीच नाही. अडचण आली की ऑनलाइन समुदायात धागा (म्हणजे एका प्रश्नावरची चर्चा) काढायचा आणि ज्याला उत्तर माहीत असेल त्याने फावल्या वेळात लिहायचं, एवढीच व्यवस्था. सॉफ्टवेअरचं नाव, आयडी आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

सुरुवातीला सभासद थोडे होते आणि त्यातले बरेचसे स्वतः प्रोग्रामर होते. त्यामुळे विभागांची नावंही सॉफ्टवेअरच्या आतल्या भागांवरून पडली : ‘ऑडिओ इंजिन’, ‘रेंडरिंग’, ‘होस्ट’. पुढे कुणी मागितला की नवा विभाग उघडून द्यायची पद्धत पडली आणि आकडा तिसाच्या वर गेला. काही विभागांत वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नव्हतं. ज्याचा माइक चालत नाही अशा माणसाने या यादीत नेमकं कुठे लिहायचं, हे जुन्या मंडळींनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

कागदावर पाच नियंत्रक, म्हणजे चर्चेवर देखरेख ठेवणारे सदस्य, होते, राबणारे दोन. नियमांचं पान लांबलचक होतं आणि त्यातला बराच मजकूर दुसरीकडून उचललेला होता. ‘सौजन्याने वागा’ हे त्यात होतं, पण असौजन्य कशाला म्हणायचं आणि ते झालं तर पुढे काय, याबद्दल अक्षर नव्हतं.

अडचण

ठिणगी अगदी साध्या प्रश्नाने पडली. एका नव्या सदस्याने विचारलं, की रेकॉर्ड केलेला आवाज ऐकताना सावकाश आणि खालच्या पट्टीत का येतो? जाणकाराला हे ऐकताक्षणी कळतं. आवाज साठवताना त्याचे सेकंदाला किती नमुने घेतले, हा आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. ४८,००० हर्ट्‌झने घेतलेली फाइल ४४,१०० धरून वाजवली, तर ती साधारण आठ टक्के सावकाश चालते आणि सूरही तेवढाच उतरतो. प्रश्न ‘रेंडरिंग’ विभागात पडला होता. सदस्याने ना सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगितली होती, ना संगणकाची माहिती.

पहिला प्रतिसाद आला : ‘लिहिण्याआधी शोधायची तसदी घेतली असती तर बरं झालं असतं.’ दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. तिसऱ्याने या दोघांवर कंपूबाजीचा आरोप केला. पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत मूळ प्रश्न सगळेच विसरले होते. एका नियंत्रकाने धागा बंद केला, कारण लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ‘धागा का बंद केला?’ असा धागा निघाला, तो उडवला गेला. मग ‘धागा का उडवला?’ हा तिसरा. तोवर स्क्रीनशॉट इकडून तिकडे फिरू लागले होते आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नियंत्रकांना विचारणा केली होती. सल्ल्यासाठी माझा संबंध आला तो या टप्प्यावर.

लोक उद्धट झालेत, तेव्हा शिस्त कडक करा, असं निदान नियंत्रकांनी आधीच करून टाकलं होतं. ते मान्य करण्यापूर्वी एक काम हातात घेतलं. मागच्या काही महिन्यांत बंद केलेला किंवा उडवलेला प्रत्येक धागा पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि भांडण नेमकं कुठून सुरू झालं एवढंच टिपायचं. काम कंटाळवाणं होतं. पण या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी काम कोणतं असं विचाराल, तर मी याकडेच बोट दाखवेन.

जाहिरातबाजी आणि निव्वळ शिवीगाळ बाजूला काढली, तर उरलेल्या धाग्यांची सुरुवात बहुतेक वेळा तीनपैकी एका कारणाने झालेली दिसली. प्रश्न आधी शंभरदा विचारला गेलेला, चुकीच्या विभागात पडलेला, किंवा उत्तर देण्यापुरती माहितीच त्यात नसलेली. हेतू वाईट असल्याचं सुरुवातीला क्वचितच दिसलं. चिडचिड नंतर आली, आणि ती जुन्या जाणत्यांकडून आली. त्यांना रोज तेच ते उपसावं लागत होतं.

आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि ती सर्वांनाच थोडी अडचणीची होती. ‘शोधा’ असं ज्यांना सुनावलं गेलं, त्यांच्यापैकी अनेकांनी खरोखरच शोधलेलं होतं. शोधात सगळ्यांत वर येणारं उत्तर सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचं होतं. त्यात सांगितलेला मेनू नव्या आवृत्तीत राहिलाच नव्हता. नवखा माणूस तिथे जाऊन, गोंधळून परत येत होता आणि मग आळशी ठरत होता.

समोरचे पर्याय

नियंत्रक वाढवून नियम कडक करायचे, हा पहिला विचार. त्यात तथ्य होतं, पण भांडणं ज्या कारणांनी होत होती त्यांना त्याने हात लागला नसता. नव्या सदस्याचा प्रत्येक मजकूर मंजुरीनंतरच दिसावा, अशीही एक सूचना होती. दोन राबत्या नियंत्रकांच्या जिवावर ती चालणार कशी? ज्याला आज रात्री रेकॉर्डिंग करायचंय, त्याचा प्रश्न उद्या सकाळी दिसून उपयोग नाही.

हे सगळं मोडून मेसेजिंग गटात जाऊ या, असं तरुण सदस्यांपैकी काहींना मनापासून वाटत होतं. तिथे उत्तर पटकन मिळतं हे खरंच. पण ते उत्तर संध्याकाळपर्यंत वाहून जातं, आणि पुढच्या माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. पुनरावृत्ती हेच जिथे दुखणं, तिथे हा उपाय उलटा पडला असता.

प्रश्नोत्तरांचा काटेकोर साचा हा पर्याय जास्त गंभीरपणे चर्चिला गेला. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने तो रूढ केला : मतांनुसार उत्तरं वर-खाली, आणि तोच प्रश्न पुन्हा आला की ‘आधी विचारलेला’ असा शिक्का मारून बंद. ज्ञान साठवायला ही पद्धत उत्तम. पण तिची किंमतही जगजाहीर आहे. आपल्याकडे नव्या लोकांना परकं वाटतं, हे त्या संकेतस्थळाच्या व्यवस्थापनानेच २०१८ मध्ये उघडपणे मान्य केलं होतं. आधीच नव्यांना झिडकारलं जात होतं अशा समुदायात हा साचा आणणं म्हणजे झिडकारण्यालाच अधिकृत बटण देणं.

शेवटचा पर्याय ठरला तो असा : आधी मांडणी बदलायची, मग नियंत्रणाची रीत, आणि कारवाई सर्वांत शेवटी. दोन नियंत्रकांना हा क्रम मवाळ वाटला. तशी त्यांची नोंदही चर्चेत आहे.

इथे थोडं विषयांतर. समुदायात नवखे आले की वातावरण बिघडतं, ही तक्रार इंटरनेटवर फार जुनी आहे. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, जुने त्यांना रीतभात शिकवायचे आणि महिन्याभरात सगळं स्थिरस्थावर व्हायचं. १९९३ पासून व्यावसायिक सेवांचे ग्राहक येऊ लागले, ओघ थांबेचना, आणि त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असं नाव पडलं. ही गोष्ट सहसा नव्यांना बोल लावण्यासाठी सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंच दिसतं. शिकवण्याचं काम काही माणसांच्या उत्साहावर चाललं होतं. गर्दी वाढली तेव्हा तो उत्साह पुरला नाही, आणि त्याच्या जागी दुसरी कुठलीही सोय उभी नव्हती.

कृती : मांडणी

तिसावर विभागांचे सहा झाले. नावं वापरणाऱ्याच्या कामावरून दिली : ‘आवाज रेकॉर्ड होत नाही’, ‘संपादन करताना अडलंय’, ‘फाइल उघडत नाही किंवा बाहेर काढता येत नाही’ अशी. विंडोज, मॅक की लिनक्स आणि आवृत्ती कोणती, या गोष्टी विभागांतून काढून टॅगमध्ये नेल्या. जुने विभाग पुसले नाहीत, वाचनमात्र केले. बाहेर ठिकठिकाणी दिलेले जुने दुवे तुटू नयेत याची विशेष काळजी घेतली, आणि ती घेतली हे फार चांगलं झालं.

एका ठिकाणी माघार घ्यावी लागली. स्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरकडून कामं आपोआप करून घेणारे छोटे प्रोग्राम, लिहिणाऱ्यांचा एक छोटा विभाग होता. महिन्याला जेमतेम दोन-तीन धागे, पण माणसं तीच आणि मन लावून लिहिणारी. तो इतरांत मिसळायचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. मोजमापाने पाहिलं तर विभाग ठेवण्यासारखा नव्हता, तरी ठेवला. माझ्या मते बरोबर केलं. तिथे प्रश्न कमी असतील, पण ती मंडळी एकमेकांना भेटायची ती तिथेच.

नवा धागा काढताना समोर एक छोटा अर्ज येऊ लागला. पहिल्या मसुद्यात नऊ रकाने होते. लोकांनी निम्म्याहून अधिक ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहायला सुरुवात केली. मग चारच ठेवले : संगणकाची प्रणाली, सॉफ्टवेअरची आवृत्ती, माइक किंवा ऑडिओ इंटरफेस कोणता, आणि काय करायला गेल्यावर काय झालं. आवृत्ती कुठे सापडते हे रकान्याखालीच एका ओळीत लिहिलं. अर्जातली ही एक ओळ नियमांच्या सबंध पानापेक्षा जास्त कामाची ठरली.

शिळ्या उत्तरांचं काम सर्वांत किचकट होतं. वारंवार येणाऱ्या प्रश्नांसाठी प्रत्येकी एक मुख्य उत्तर तयार केलं आणि ते अनुभवी सदस्यांना दुरुस्त करता येईल असं ठेवलं. जुन्या धाग्यांवर ‘हे जुन्या आवृत्तीसाठी आहे’ अशी पट्टी आणि नव्या उत्तराचा दुवा लावला. हे हाताने करावं लागलं. सगळे धागे झाले नाहीत. ज्यांच्यावर लोक शोधातून येऊन पडत होते ते आधी उरकले.

कृती : नियंत्रणाची रीत

नियमांचं पान एका पडद्यात मावेल एवढं कापलं. प्रत्येक नियमाखाली दोन उदाहरणं दिली : हे चालेल, हे चालणार नाही. ‘तुमचं उत्तर चुकीचं आहे, कारण...’ चालेल. ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ चालणार नाही.

धागा उडवण्याचा अधिकार जाहिरातबाजी, शिवीगाळ आणि कुणाची खाजगी माहिती उघड करणं एवढ्यापुरताच उरला. भरकटलेले प्रतिसाद ‘अवांतर’मध्ये हलवायचे. धागा बंद केला तर तिथेच, त्याच क्षणी, एका ओळीत कारण लिहायचं. ज्या वादात नियंत्रक स्वतः बोललाय, त्यात कारवाई दुसऱ्याने करायची. निर्णय पटला नाही तर नियंत्रकांच्या सामायिक पेटीत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायचा, आणि तो निर्णय न घेतलेल्या नियंत्रकाने पाहायचा. मोठ्या समाजमाध्यमांसाठी २०१८ साली मांडली गेलेली सांता क्लारा तत्त्वं हेच मागतात : कारवायांचे आकडे जाहीर करा, संबंधिताला कारण सांगा, दाद मागायची सोय द्या. अब्जावधी वापरकर्त्यांसाठी लिहिलेली ती तत्त्वं एवढ्याशा समुदायाला बेतून घेताना काही जड गेली नाहीत.

किरकोळ कामं नियंत्रकांकडून काढून विश्वासू सदस्यांना दिली. २०१३ पासून प्रचारात आलेल्या डिस्कोर्ससारख्या, चर्चामंच चालवण्याच्या प्रणालींत विश्वासाचे ० ते ४ असे स्तर असतात. अगदी नव्यांना दुवे आणि चित्रं टाकण्यावर मर्यादा, आणि नियमित सदस्यांना धाग्याचं शीर्षक सुधारण्याची, तो योग्य विभागात हलवण्याची मुभा. ही सोय समुदायाच्या प्रणालीत आधीपासून होती, कुणी वापरत नव्हतं इतकंच. ती चालू केल्यावर चुकीच्या विभागातला प्रश्न काही वेळात गुपचूप योग्य जागी जाऊ लागला. त्यावर शेरे मारायला वावच उरला नाही.

निर्णयाचा सर्वांत अवघड टप्पा

मांडणी बदलली तरी एक प्रश्न उरलाच. त्या पहिल्या धाग्यावर ‘तसदी’ची ओळ लिहिणारे सदस्य, त्यांना आपण ‘अ’ म्हणू, हे समुदायातले सर्वांत जाणते गृहस्थ. ड्रायव्हरच्या (माइकसारखं उपकरण संगणकाशी जोडून देणाऱ्या प्रोग्रामच्या) भानगडी त्यांच्याइतक्या कुणालाच सुटत नसत. आणि त्यांच्याइतकं टोचून बोलणारंही दुसरं कुणी नव्हतं.

नियंत्रकांत तीन मतं पडली. एक, त्यांना आहे तसं राहू द्या, ते गेले तर अवघड प्रश्न कोण सोडवणार? दोन, कायमचं काढा. तीन, त्यांनाच नियंत्रक करा, जबाबदारीने माणूस निवळतो. तिसरं मत थट्टेचं नव्हतं, त्याला बराच पाठिंबाही होता. ते शेवटी मागे पडलं ते एका साध्या शंकेमुळे : निवळले नाहीत तर?

पारडं फिरलं ते दोन गोष्टींनी. एका नियंत्रकाने ‘अ’ यांनी किती उत्तरं दिली हे मोजायचं सोडून, त्यांच्या उत्तरानंतर नवखा सदस्य पुन्हा कधी लिहिता झाला का, हे पाहिलं. नमुना लहान होता, तरी बरेच आयडी तिथेच गप्प झालेले दिसले. दुसरी गोष्ट व्यनितून कळली. मधल्या फळीतल्या काही सदस्यांनी सांगितलं, की त्यांनी उत्तरं देणं कधीच थांबवलंय. बारीकशी चूक झाली तरी ‘अ’ चारचौघांत सालटी काढतात, मग लिहावं कशाला?

‘अ’ यांच्यावाचून अडतं हे खरं होतं. पण अडण्याचं एक कारण ते स्वतःच होते. त्यांच्या धाकाने मधली फळी गप्प बसली होती, आणि ती गप्प म्हणून सगळा भार पुन्हा त्यांच्यावर. भार वाढला की चिडचिड वाढायची. हे चक्र त्यांनाही सुखाचं नसणार, असं त्यांचे जुने प्रतिसाद सलग वाचताना वाटत राहिलं.

दोन नियंत्रकांनी मिळून त्यांना व्यनि केला. ‘तुमचा सूर बरा नाही’ असं मोघम न लिहिता, त्यांचीच चार वाक्यं दुव्यांसह समोर ठेवली. पुढच्या वेळी आठवडाभर वाचनमात्र, त्यानंतर महिनाभर, हा क्रमही स्पष्ट लिहिला. सामायिक संसाधनं सांभाळणाऱ्या गटांच्या अभ्यासासाठी २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टिकून राहिलेल्या गटांत हेच पाहिलं होतं, की शिक्षा लहान सुरू होते आणि पायरीपायरीने चढते. ‘अ’ यांचं उत्तर आलं : ‘मी बरोबर उत्तर देतो. तुम्हाला गोड उत्तर हवंय. आणि इतकी वर्षं चाललं, आजच काय झालं?’

शेवटच्या प्रश्नावर नियंत्रकांकडे खरोखरच उत्तर नव्हतं.

काही दिवसांनी पुन्हा तसाच प्रतिसाद आला आणि आठवडा लागू झाला. आता हे जाहीर करायचं की नाही? धाग्यांची कारणं उघड लिहायची असं ठरलं होतं, पण माणसावरची कारवाई चव्हाट्यावर मांडू नये असं बहुतेकांना वाटलं. जाहीर केलं नाही. परिणामी अफवा उठली, की ‘अ’ यांना कायमचं हाकललं. अखेर नियंत्रकांनी त्यांच्या संमतीने एवढंच लिहिलं, की बंदी ठरावीक मुदतीची आहे. मुदत संपल्यावर ते परतले, दोन-तीन नेमकी तांत्रिक उत्तरं दिली आणि हळूहळू यायचे थांबले.

निकाल

तक्रारी कमी झाल्या. चुकीच्या विभागावरून होणारी भांडणं जवळपास बंद झाली. ‘धागा का बंद केला’ असे धागे तुरळक निघतात, पण तिथे वाद कारणावर होतो, नियंत्रकाच्या हेतूवर होत नाही. मधल्या फळीतले काही जण पुन्हा लिहू लागले. त्यांची उत्तरं ‘अ’ यांच्याइतकी ठाम नसतात. दोघं-तिघं मिळून, एकमेकांना दुरुस्त करत उत्तरापर्यंत पोचतात.

पदरात पडलेलं सगळंच चांगलं नाही. ‘अ’ गेल्यावर ड्रायव्हरचे कठीण प्रश्न बराच काळ अनुत्तरित पडून राहिले, काही अजूनही आहेत. कडक शिस्तीचा आग्रह धरणाऱ्या नियंत्रकांपैकी एकाने काम सोडलं. कारवायांची मासिक नोंद जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा मोजके सदस्य दर महिन्याला तिच्यातली ओळन्‌ओळ धरून उलटतपासणी करू लागले. शेवटी नोंदीखालचे प्रतिसाद बंद ठेवून शंका सामायिक पेटीत पाठवायला सांगितलं. यावर पारदर्शकतेचा देखावा अशी टीका झाली. ती पूर्णपणे चुकीची आहे असं मला म्हणवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बदलाआधीची मोजणी कुणी करून ठेवली नव्हती. पहिलं उत्तर यायला किती वेळ लागतो, किती प्रश्न तसेच राहतात, नवा सदस्य दुसऱ्यांदा लिहितो का, हे आधी टिपलं असतं, तर ‘सुधारलं’ हे आकड्यांनिशी सांगता आलं असतं. आज ते नियंत्रकांच्या अनुभवावर सांगावं लागतं आणि विरोधकांचा अनुभव वेगळा असतो.

विभागांची नावं नवख्या माणसांपुढे ठेवून पाहायला हवी होती. ‘संपादन करताना अडलंय’ हे नाव जाणत्यांना स्पष्ट वाटलं. नव्यांना आपली प्रत्येकच अडचण संपादनाची वाटते, त्यामुळे तो विभाग लवकरच अडगळीची खोली झाला. आठ-दहा खरे प्रश्न पाच-सहा नवख्यांना देऊन ‘हे कुठे टाकाल?’ एवढं विचारलं असतं, तरी हे आधीच दिसलं असतं.

‘अ’ यांच्याशी बोलणं फार उशिरा झालं. पहिल्या तिखट प्रतिसादालाच एखाद्या नियंत्रकाने दोन ओळींचा व्यनि केला असता, तर ते बदलले असते की नाही हे सांगता येत नाही, पण ‘आजच काय झालं?’ हा प्रश्न त्यांना विचारता आला नसता. शिवाय मधली फळी गप्प का आहे हे विचारायला वाद पेटेपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. लिहिणं थांबवलेल्या सदस्यांना अधूनमधून विचारायचं, अशी रीत आता सुरू केली आहे. उत्तर देणारे थोडेच असतात, पण मोकळेपणाने लिहितात.

सध्याचा पेच वेगळा आहे. सॉफ्टवेअरची पुढची मोठी आवृत्ती जवळ आली आहे, आणि तिच्यात रेकॉर्डिंगची सगळी मांडणी बदलणार आहे. ती आली की आज ताजी असलेली मुख्य उत्तरं शिळी होतील आणि पट्ट्या लावायचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. बनवणाऱ्यांनी बदलांची यादी समुदायाला आधी द्यायची, असं तत्त्वतः ठरलं आहे. ती कुणी आणि कधी द्यायची, यावर चर्चा चालू आहे.